रुळलीस का गं?

जर्मनीत घराच्या पत्त्याला फ्लॅट नंबर नसतो, हे मला निघण्याआधी कुणीच सांगितलं नव्हतं. रस्त्याचं नाव, इमारतीचा क्रमांक, पिन कोड, गाव. संपलं. इमारतीत आठ बिऱ्हाडं असोत की अठरा, पोस्टमन खाली उभा राहून टपालपेट्यांवरची नावं वाचतो. पेटीवर नाव असेल तर तुम्ही तिथे राहता, नसेल तर राहत नाही. माझं नाव पहिले तीन आठवडे नव्हतं. आरोग्य विम्याचं कार्ड, बँकेच्या पिनचं पाकीट, सगळं आल्या पावली परत गेलं. आणि मी वरच्या मजल्यावर बसून रोज टपालाची वाट बघत होते.

आम्ही नाशिकच्या पंचवटीतली माणसं. आमचा पत्ता म्हणजे एक छोटी गोष्टच असते. मालेगाव स्टँडवरून आत या, पिठाची गिरणी लागेल, गिरणीत आजोबांचं नाव सांगा, ते एखादं पोरगं सोबत देतील. आजोबांना जाऊन बारा वर्षं झाली, तरी पत्ता अजून त्यांच्याच नावावर चालतो. कुरिअरवाला खालून हाक मारतो, आई गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी सोडते. दारावर पाटी लावायचं आमच्यात कधी कुणाला सुचलंच नाही. ब्रेमेनमध्ये शेवटी सोबत राहणाऱ्या मुलीने माझं आडनाव चिकटपट्टीवर लिहून पेटीवर डकवलं. त्यात एक अक्षर चुकलं होतं. पत्रं यायला लागल्यावर ते दुरुस्त करायची माझी हिंमत झाली नाही. वर्षभर मी त्या चुकलेल्या आडनावानेच राहिले.

मी तिथे शिकायला गेले नव्हते आणि नोकरीलाही नाही. हे समजावून सांगण्यात माझा २०२२चा अख्खा उन्हाळा गेला. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालं होतं, पुढे समाजकार्यात एमएसडब्ल्यू करायचं होतं, मध्ये एक वर्ष जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमात स्वयंसेवक म्हणून काढायचं मनात होतं. बाबांनी पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे गॅप?" हा शब्द आपल्याकडे आजाराच्या नावासारखा उच्चारतात. शेजारच्या काकूंनी विचारलं, "पगार किती?" मी म्हटलं, पगार नाही, पॉकेटमनी. "म्हणजे स्टायपेंड," त्या म्हणाल्या, आणि पुढे गल्लीभर तेच सांगत सुटल्या. स्टायपेंड म्हटलं की त्याला वजन येतं.

त्या योजनेचं नाव बुंडेसफ्राइविलिगनडीन्स्ट. ते धड म्हणता यायला मला आठवडा लागला. तिथले लोकही म्हणत नाहीत, ते आम्हाला सरळ ‘बुफडी’ म्हणतात. यामागची गोष्ट मला आमच्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातल्या मुख्य आचाऱ्याने बटाटे सोलताना सांगितली. पूर्वी तिथे मुलांना सक्तीची लष्करी नोकरी होती. ज्यांना बंदूक हातात घ्यायची नव्हती, ते त्याऐवजी इस्पितळांत आणि वृद्धाश्रमांत नागरी सेवा करायचे. त्यांना ‘त्सिवी’ म्हणत. २०११मध्ये ती सक्ती थांबवली आणि देशभरच्या म्हाताऱ्यांच्या ढकलखुर्च्या ढकलणारे हात एकदम नाहीसे झाले. म्हणून त्याच वर्षी १ जुलैपासून ही स्वेच्छेची सेवा सुरू झाली. वयाची वरची अट नाही, देशाचीही नाही. आचारी स्वतः तरुणपणी त्सिवी म्हणून आला होता आणि तिथेच राहिला. "तू आमच्या जागी आली आहेस," तो म्हणाला. मला ते आवडलं. कुणीतरी बंदूक नाकारली, त्यामुळे रिकाम्या झालेल्या खुर्चीवर पंचवटीतली मुलगी बसली होती.

पहिल्या महिन्याचं फार काही सांगत नाही. परदेशी गेलेल्या प्रत्येकाचा पहिला महिना सारखाच असतो आणि प्रत्येकाला आपलाच वेगळा वाटतो. खिडकीची मूठ वर फिरवली तर अख्खी खिडकी माझ्या अंगावर कलली. मला वाटलं मोडली, म्हणून रात्री साडेदहाला खुर्ची लावून धरून ठेवली. ती तशीच उघडायची असते. हीटर चालू आणि खिडकी कललेली, हे तिथलं महापाप, त्यातून त्या हिवाळ्यात गॅसटंचाईची धास्ती. रविवारी दुकानं बंद, शनिवारी विसरलात तर रविवारी पाव आणि पश्चात्ताप. दिवसाच्या कुठल्याही वेळी ‘मोइन’ म्हणायचं, सकाळीही आणि रात्रीही. कुणी ‘मोइन मोइन’ असं दोनदा म्हटलं तर तो बडबड्या समजला जातो, हा तिथला जुना विनोद आहे. नाशिककर म्हणून थंडीचा मला जरा माज होता. निफाडचा पारा उतरला की आम्ही तो पेपर दाखवत फिरणारी माणसं. डिसेंबरात ब्रेमेनला दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळायला लागला, तेव्हा कळलं की थंडीला स्वेटर असतं, अंधाराला नसतं.

भाषेचं मात्र सांगायला हवं. मी नाशिकला दीड वर्ष क्लास लावून, पुण्याला मॅक्सम्युलर भवनात जाऊन जर्मनची बी-वन, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा देऊन गेले होते. बरे मार्क पडले होते. पण पुस्तकातली जर्मन दात असलेल्या माणसांची असते. आमच्या मजल्यावर चोवीस जण राहत होते, त्यातल्या निम्म्यांच्या कवळ्या सकाळी साडेसहाला पेल्यात असायच्या. माझी पाळी तेव्हाच सुरू व्हायची.

बुफडीने औषधं द्यायची नाहीत, इंजेक्शनं नाहीत. ते शिकलेल्या परिचारकांचं काम. आम्ही नाश्ता मांडायचा, पाव कापून त्याचे बोटभर तुकडे करायचे, ढकलखुर्ची बागेत न्यायची, पत्ते खेळायचे, नखं घासायची आणि जेवू घालायचं. जेवू घालणं ही विद्या आहे, हे मला तिथे कळलं. उभं राहून भरवायचं नाही, समोर बसायचं, त्यांच्या डोळ्यांहून आपले डोळे खाली राहतील असं. चमचा वरून आणायचा नाही, खालून न्यायचा, म्हणजे मान मागे जात नाही आणि ठसका लागत नाही. काहींना तर साधं पाणीसुद्धा चालत नाही. पाणी पातळ असतं, गिळायची सावकाश झालेली यंत्रणा तयार व्हायच्या आत ते घशातून भलत्याच वाटेला लागतं. म्हणून पाण्यात एक पावडर ढवळून ते पेजेसारखं दाट करायचं. मी पहिल्यांदा ते दाट पाणी चाखून बघितलं. चव पाण्याचीच, पण तहान भागत नाही. एक आजोबा रोज ते पिऊन झाल्यावर माझ्याकडे असं बघायचे, की जणू मीच त्यांचं पाणी बिघडवलं आहे.

आणि प्रत्येक गोष्ट आधी सांगायची. आता मी तुमचा हात धरणार आहे. आता खुर्चीचा ब्रेक काढते. आता वळतोय. न सांगता हात लावायचा नाही. बाईंचं वय ९० असलं, त्यांना काल काय झालं ते आठवत नसलं, तरी त्यांच्या अंगावर पहिला हक्क त्यांचा. आमच्या मजल्याच्या प्रमुख बाई हे पुन्हा पुन्हा बजावायच्या.

त्यांच्याकडून मला पहिली बोलणी बसली, ती मात्र हातामुळे नाही, सर्वनामामुळे. जर्मनमध्ये ‘दू’ म्हणजे तू आणि ‘झी’ म्हणजे तुम्ही. इंग्रजी बोलणाऱ्या स्वयंसेवकांना यात फार त्रास होतो, मला वाटलं मला काय, आम्ही तर तू, तुम्ही, आपण असे तीन मजले चढून-उतरून बसलेलो. पण झालं भलतंच. १४ नंबरच्या खोलीतल्या बाई, वय ८७, पांढरे केस मागे बांधलेले, गालावर तीळ. मी कॉफी ओतताना सहज ‘दू’ने विचारलं, साखर घालू का तुला? बाईंनी कप सरकवून दिला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. प्रमुख बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, इथे सगळ्यांना झी. कायम झी. त्यांचं घर गेलं, स्वयंपाकघर गेलं, किल्ल्या गेल्या, निदान झी राहू दे.

मला उद्धटपणा करायचा नव्हता. माझी चूक मराठीतली होती. आमच्या घरात आजोबांना ‘तुम्ही’ आणि आजीला ‘तू’. बाबांना ‘तुम्ही’, आईला ‘तू’. तुमच्याही घरी बहुधा तसंच असेल. म्हातारी बाई दिसली, कपाळावर आठ्या आणि हातात कप, की माझ्या जिभेवर ‘तू’ आपोआप येतो. आपल्याकडे जवळचं माणूस ‘तू’ होतं, हे खरं. पण घरात ‘तुम्ही’चा मान आजोबांकडे गेला आणि आजीला ‘तू’ उरला, असंही म्हणता येईल. त्या दिवसापर्यंत मी याकडे असं बघितलंच नव्हतं.

आजीचा फोन रविवारी. हिवाळ्यात ब्रेमेन साडेचार तास मागे, त्यामुळे तिची दिवेलागण झाली की साडेसातला ती फोन लावायला सांगायची आणि माझ्याकडे दुपारचे तीन, म्हणजे कॉफी आणि केकची वेळ. तीनची ती कॉफी वृद्धाश्रमात देवपूजेसारखी पाळतात. मी कोपऱ्यात जाऊन पाच मिनिटं बोलायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "रुळलीस का गं?"

रुळणं हा आपल्याकडे सुनांचा शब्द. सून रुळली का, असं विचारतात. जावई रुळला का, असं कुणी विचारत नाही, त्याला कुठे जायचंच नसतं. आजी येवल्याहून १९५९मध्ये अठराव्या वर्षी लग्न होऊन पंचवटीत आली. येवला ते नाशिक अंतर ८० किलोमीटरच्या आसपास, पण तेव्हा तिला ते माझ्या ब्रेमेनइतकंच लांब असणार. तिच्या माहेरी भाजीत गूळ नव्हता, इथे होता. तिकडे आडाचं पाणी, इकडे पहाटे गंगेवर जायचं. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, बाहेरच्यांचा त्यात गोंधळ होतो. मी एकदा वैतागून म्हटलं, "नाही रुळले अजून, तुला किती दिवस लागले होते?" ती म्हणाली, "सहा वर्षं. तुझ्या आत्याच्या बारशाला सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्यावर चिडून भांडं आपटलं. तोवर पाहुणीच होते की."

आत्याने घरच्या ग्रुपवर नोव्हेंबरात एक वाक्य टाकलं होतं. माझा फोटो होता, मी आणि १४ नंबरच्या बाई, दोघींच्या हातात विणकामाचे गुंडे. खाली आत्या: "परक्यांच्या म्हाताऱ्यांची सेवा करायला विमानाने जायचं, घरच्या म्हातारीची नखं सूनबाई काढतेय." पुढे हसरा चेहरा. आईने हात जोडल्याचं चिन्ह टाकून विषय मिटवला. मला राग आला आणि मग आला नाही, कारण ते खरं होतं. एकवीस वर्षं मी आजीच्या कुशीत झोपले, तिच्या हातची थालीपिठं खाल्ली, पण तिची नखं एकदाही काढली नव्हती. तिचे पाय दुखतात हे मला बातमीसारखं माहीत होतं. इथे मात्र १४ नंबरच्या बाईंच्या उजव्या अंगठ्याचं नख आत वळतं, हे मी झोपेतही सांगितलं असतं. याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आजही जे आहे, ते आत्याला सांगण्यासारखं नाही: परक्या घरात काम करताना मला कुणी नात म्हणून सूट देत नव्हतं.

त्या बाई ब्रेमेनच्या नव्हत्याच. ब्रेस्लाऊच्या. १९४५च्या जानेवारीत रशियन सैन्य जवळ आलं, तेव्हा बायकामुलांना शहर सोडायचा हुकूम सुटला. कडाक्याची थंडी होती, गाड्या पुरल्या नाहीत, कित्येक जण चालत निघाले. या नऊ वर्षांच्या, आई आणि धाकट्या भावाचा हात धरून. युद्धानंतर ते शहर पोलंडला गेलं, आता ते व्रोत्सवाफ म्हणून ओळखलं जातं. पूर्वेकडून असे एक कोटीहून जास्त जर्मन उखडले गेले. शाळेत आम्ही दुसरं महायुद्ध चार गुणांसाठी शिकलो, त्यात हिटलर होता, पण नऊ वर्षांची मुलगी नव्हती. तिच्या माणसांनी जगाला काय भोगायला लावलं, हे बाजूला ठेवून तिच्याकडे बघता येत नाही, आणि नुसतं तेवढंच धरूनही बघता येत नाही. मी ते दोन्ही डोक्यात ठेवून केस विंचरायची.

रोज दुपारी चारच्या पुढे, बाहेर अंधारायला लागलं की बाई कोट चढवायच्या, पर्स काखेत मारायच्या आणि बोळाच्या टोकाच्या खुर्चीवर येऊन बसायच्या. "गाडी किती वाजताची?" सुरुवातीला मी प्रामाणिकपणे सांगायची, गाडी नाही, तुम्ही इथेच राहता. की त्या घाबरून उठायच्या. मग मला शिकवलं गेलं की खोडायचं नाही. खोटंही बोलायचं नाही, गाडीबद्दल विचारायचं. कुठे जायचंय, कोण येणार आहे घ्यायला. ड्युसेलडॉर्फच्या एका वृद्धाश्रमाने दारासमोर खोटा बसथांबा उभा केला होता, म्हणजे घराच्या ओढीने बाहेर पडलेली म्हातारी माणसं तिथे बसून राहतील, हरवणार नाहीत. ही युक्ती पुढे बऱ्याच ठिकाणी उचलली गेली. आमच्याकडे थांबा नव्हता, खुर्ची होती. मी शेजारी बसायची.

आणि अशाच एका संध्याकाळी, जानेवारीत, त्या माझ्याकडे वळून एकदम ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "आपण एकमेकींना दू म्हणू या का?" जर्मनीत हा रिवाज आहे. दू कुणीही सुरू करत नाही, वयाने मोठ्या माणसाने ते द्यायचं असतं, हात पुढे करून, आपलं पहिलं नाव सांगून. त्यांनी हात पुढे केला, नाव सांगितलं. मी माझं सांगितलं. त्यांनी ते तीनदा म्हणून बघितलं, तिन्ही वेळा वेगळं. नोव्हेंबरात कप सरकवला होता त्याच हाताने. मी त्या रात्री ट्राममधून घरी जाताना खुशीत होते. वाटलं, सासूबाईंनी भांडं आपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार वाजवून आत गेले आणि आनंदाने दू म्हटलं. बाईंचा चेहरा दगड झाला. "आपली ओळख आहे का?"

त्या विसरल्या होत्या. साहजिकच होतं, मीच वेडी. त्यानंतर मी नियम केला: रोज सकाळी झी. रोज पहिल्या पायरीपासून. कधी संध्याकाळी कोट घालून खुर्चीवर बसल्या असताना त्या पुन्हा हात पुढे करायच्या, पुन्हा नाव सांगायच्या, मी पुन्हा सांगायची. दुसऱ्या दिवशी परत झी. मी डायरीच्या मागच्या पानावर दर वेळी एक रेघ मारायला लागले, दूधवाल्याच्या हिशेबासारखी. ऑगस्टपर्यंत २९ रेघा झाल्या. एकोणतीस वेळा त्या बाईंनी मला, त्यांच्या दृष्टीने पहिल्यांदाच, आपलं म्हटलं. माझं मानसशास्त्र सांगतं की यात स्मरणाचा भाग शून्य आहे. मग दर वेळी माझ्याकडेच का वळायच्या, ते मानसशास्त्राने सांगावं.

मध्येच चिवड्याचा प्रसंग. आईने पार्सलमधून नाशिकचा चिवडा पाठवला, अस्सल, तिखट, वर तळलेला कांदा. पार्सल पोहोचलं, कारण पेटीवर चुकलेलं का होईना, नाव होतं. मी उत्साहाने तो तीनच्या कॉफीला बशीत मांडला. कवळ्या आणि शेंगदाणे यांचं नातं काय असतं, याचा विचार केला नव्हता. एका आजोबांना ठसका लागला, प्रमुख बाई धावत आल्या, दोन मिनिटांत बशा उचलल्या गेल्या आणि मला गिळण्याच्या त्रासावरची चार पानं पुन्हा वाचायला मिळाली. त्यांचं बरोबर होतं, माझी चूक साधी नव्हती. त्या दिवशी मी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी १४ नंबरच्या बाईंची पर्स आवरताना आत कागदी रुमालात बांधलेला चिवडा सापडला, टोस्ट आणि साखरेच्या पुड्यांशेजारी. गाडीसाठी ठेवला होता. मी तो काढून टाकायला हवा होता. शेंगदाणे तेवढे वेचून घेतले आणि पोहे राहू दिले.

आजीला सगळ्यात जास्त रस होता नदीत. "तिथे गंगा आहे का?" आहे, तिचं नाव वेझर. "मोठी?" मोठी. मग मी तिला गंमत सांगितली की ही नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. समुद्र साठ-सत्तर किलोमीटरवर आहे, भरती आली की पाणी शहरापर्यंत वर चढतं, चार मीटरच्या आसपास, आणि ओहोटीला उतरतं. पूर्वी इतकं नव्हतं, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठी जहाजं आत यावीत म्हणून फ्रान्झियस नावाच्या अभियंत्याने नदी खोल आणि सरळ केली, तेव्हापासून भरतीला मोकळी वाट मिळाली. आमच्याकडे गंगा चढते ती फक्त पुराला, आणि किती चढली ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. इथे रोज दोनदा चढतं आणि कुणी पुलावर बघायलाही येत नाही. आजी बराच वेळ गप्प होती. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "मग अस्थी कुठे जातात?"

जिथे अस्थी सोडतात त्या रामकुंडाच्या हाकेच्या अंतरावर ६४ वर्षं काढलेल्या बाईला नदीबद्दल हाच प्रश्न पडणार. उलटी वाहणारी नदी माणसाला पोहोचवणार कुठे? मी म्हटलं, आजी, तिथे नदीत सोडत नाहीत. "बरं आहे," ती म्हणाली, "नाहीतर संध्याकाळी परत यायची."

मे महिन्यात देशभर लोकल गाड्यांना चालणारा ४९ युरोंचा मासिक पास सुरू झाला, तेव्हा मी सुट्टीच्या दिवशी नदीच्या तोंडाशी, ब्रेमरहाफनला जाऊन आले. या बंदरातून शे-दीडशे वर्षांत ७० लाखांहून जास्त माणसं युरोप सोडून गेली, बहुतेक अमेरिकेला. त्यांच्या सामानाचं, पत्रांचं एक संग्रहालय आहे. तिथल्या पेट्या बघताना मला परदेशी लोकांच्या कार्यालयातली माझी रांग आठवली, पहाटे साडेपाचची, हातात फाइल. एवढी माणसं जिथून गेली, त्या गावाच्या शेजारी माझ्या एका शिक्क्याला चार महिने लागावेत, याची मला गंमत वाटली. तेव्हा वाटली नव्हती.

ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी, मी खुर्चीपाशी गेले. उन्हाळ्यामुळे उजेड होता, तरी कोट होताच. त्या दिवशी त्यांनी दू दिलं नाही. मी मनातून वाट बघत होते, तिसावी रेघ मारून पान बंद करावं म्हणून. नाहीच दिलं. झीमध्येच विचारलं, "गाडी किती वाजताची?" वर्षभरात पहिल्यांदाच मला खरी वेळ सांगता आली. "माझी उद्या सकाळी नऊची." त्यांनी मान हलवली, पर्स उघडली, एक टोस्ट काढून माझ्या हातावर ठेवला आणि पर्स बंद केली. "लांबचा प्रवास आहे, तुम्हाला भूक लागेल."

कसाऱ्याचा घाट चढताना गाडीत बाबा सांगत होते की यंदा ऑगस्ट कोरडाच गेला, द्राक्षवाले घाबरलेत. मी खिडकी खाली केली. कलली नाही, सरळ खाली गेली.

घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशीची गोष्ट. आई देवापाशी दिवा लावत होती, आजी ओट्यावर पाय पसरून बसली होती. मी नेलकटर घेऊन तिच्यासमोर खाली बसले, तिच्या डोळ्यांच्या खालच्या पातळीला. तिच्या हाताची बोटं मी इतक्या जवळून प्रथमच बघत होते. करंगळी वाकडी आहे, ती कधीपासून, मला माहीत नव्हतं.

"आता मी हात धरते हं तुमचा," मी म्हटलं. "उजव्यापासून सुरू करू का? तुम्हाला चालेल ना?"

आजीने हात काढून घेतला.

"दिवेलागणीला नखं काढतात का कुणी? वर्षभरात एवढंही विसरलीस?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "आणि हे तुम्ही-तुम्ही काय लावलंयस? मी काय तुझी सासू आहे? ठेव ते तिकडे. सकाळी उन्हात बसल्यावर काढ."